आजींच्या हातात ग्लास देणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

तुम्ही निवृत्त माणूस. आमच्या गावाशी संबंध एवढाच की बहीण शेजारच्या गावात दिलेली. तरी त्या पावसात गाडी चिखलात लावून आमच्या तळ्याच्या बांधावर आलात, पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. हे पत्र जाहीर लिहितोय ते मुद्दाम. ज्यांचं हे काम होतं त्यांनीही वाचावं.

बांधातून पाणी पाझरतंय, हे त्यांना गेल्या पावसाळ्यापासून सांगत होतो. उत्तर ठरलेलं: "मातीचं धरण आहे, थोडं पाझरणारच." 2 जुलै 2019 ला रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं म्हणत त्यांच्या नावाने पावती फाडली होती. आमच्याकडे खेकडे बघायलाही कुणी फिरकलं नाही.

बांधाच्या पायथ्याला ज्यांचं रान आहे त्या आजी कधीच्या म्हणत होत्या, पाणी गढूळ यायला लागलंय. 1972 च्या दुष्काळात याच भरावावर त्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या. पण म्हातारीचं ऐकतो कोण? तुम्ही आल्या आल्या कागद मागितले नाहीत, आजींकडे काचेचा ग्लास मागितलात. पाझराचं पाणी धरलंत, दगडावर ठेवलंत आणि गप्प उभे राहिलात. हळूहळू तळाला मातीचा थर बसला. सरपंचांनी हात पुढे केला होता, पण तुम्ही ग्लास आजींच्या हातात दिलात. "बरोबर ओळखलंत. नितळ पाणी पाझरलं तर भ्यायचं नाही. माती घेऊन आलं म्हणजे बांध आतून पोखरतोय."

"मग मी काय वेगळं सांगत होते?" आजी म्हणाल्या. सगळ्यांच्या माना खाली.

शिकलेला माणूस अडाण्याला चारचौघांत मान देतो, हे हल्ली दिसत नाही हो. बांध वाचला त्याहून आम्ही हेच जास्त बोलतो.

पाटाचं दार उघडून भरलेलं तळं उतरवताना जीव तुटत होता. आम्ही भोकात मुरूम ठासायला निघालो होतो, तुम्ही अडवलंत. इथे बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटेल, म्हणालात. पाझराच्या तोंडावर आधी वाळू, वर खडी, मग दगड. पाणी जाऊ द्या, माती अडवा. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं. खालची वस्ती पुन्हा आपापल्या घरात झोपायला लागली.

भरावावरच्या बाभळी तोडायला घेतल्यात. पण मुळं कुजून आत पोकळी होते हे तुमच्याकडून ऐकल्यापासून गावात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते बुंधे उपटा, दुसरी म्हणते बांध उकरू नका. दिवाळीला बहिणीकडे याल तेव्हा जरा येऊन निकाल लावा. आजींनी ग्लास वेगळा काढून ठेवलाय, चहा त्यातच मिळेल.

आपला,
पाटाच्या शेवटच्या टोकाचा एक शेतकरी