गोळाफेक आधी शिकवा, मग स्पर्धेत उतरवा

मा. संपादक,

शालेय क्रीडास्पर्धा जवळ आल्या की बहुतेक शाळांत वर्गातला सर्वांत धिप्पाड मुलगा गोळाफेकीसाठी निवडला जातो आणि चार-आठ दिवस आधी त्याच्या हाती गोळा दिला जातो. तंत्र कोणी शिकवत नाही. मग मुले तो क्रिकेटच्या चेंडूसारखा खांद्यामागून फेकतात. अशी फेक पंच बाद ठरवतातच. पण कोवळ्या कोपराला आणि खांद्याला इजा होण्याची भीती असते, ती बाब मला अधिक गंभीर वाटते.

नियमानुसार गोळा एका हाताने खांद्यापासून ढकलायचा असतो. सुरुवातीला तो मानेला किंवा हनुवटीला टेकलेला अथवा अगदी जवळ हवा आणि खांद्यांच्या रेषेमागे जाता कामा नये. गोळा तळहातावर न विसावता बोटांच्या मुळांशी धरावा व कोपर उचललेले असावे, एवढे पहिल्याच तासाला सांगता येते. खरा वेळ द्यायला हवा तो पायांना. उजव्या हाताने ढकलणाऱ्याने उजवा गुडघा वाकवून शरीराचा भार त्यावर घ्यावा, मग आधी पाय व कंबर, त्यामागून छाती आणि सर्वांत शेवटी हात, या क्रमाने जोर पुढे न्यावा. हात आधी सुटला की पायांनी निर्माण केलेली सगळी ताकद वाया जाते. हे उभ्या जागेवरून पक्के जमल्याशिवाय सरकत येण्याची पद्धत शिकवू नये, आणि गिरकीची तर शाळेत घाईच करू नये.

१८ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेचा गोळा ५ किलोचा व मुलींचा ३ किलोचा असतो, मात्र शिकताना हलका मेडिसिन बॉल (व्यायामासाठीचा भरीव चेंडू) पुरतो. जड गोळ्याने कोपर खाली येते आणि तीच सवय लागते. गोळा ज्यात उभे राहून ढकलायचा ते २.१३५ मीटर व्यासाचे वर्तुळ फक्कीने आखता येते. पुढच्या कडेला लाकडी फळी मात्र घट्ट बसवावी. गोळा परत देताना तो फेकू नये, हातात घेऊन यावे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले, तेव्हा गावोगावी फलक लागले. पण नुसत्या कौतुकाने खेळाडू घडत नाहीत; म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयांनी स्पर्धेपूर्वी क्रीडाशिक्षकांसाठी दोन दिवसांचे तंत्रशिबिर घ्यावे आणि प्रत्येक शाळेला हलके गोळे पुरवावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक