आखाजीला नको, जानेवारीत या

मस्कत

तीर्थरूप आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रब्बीची कामे उरकली की वैशाखात आखाजीच्या सुमारास, शेत मोकळे असताना, महिनाभर आमच्याकडे येण्याचा विचार असल्याचे बाबांनी फोनवर सांगितले, तेव्हापासून आम्ही दोघेही आनंदात आहोत. पण ते दिवस बदला, अशी विनंती करण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. फोनवर सांगितले असते तर ‘आम्हाला काय उन्हाचे सांगतेस’ असे बाबा म्हणाले असते आणि विषय तिथेच थांबला असता.

धुळ्या-साक्रीचे ऊन तुम्ही जन्मभर अंगावर घेतले आहे, हे मी जाणते. पण आपले ऊन कोरडे असते. अंगावरचा घाम वाळतो, निंबाखाली बसले की जिवाला बरे वाटते आणि रात्री अंगणात बाज टाकली की पहाटे पांघरूण ओढावे लागते. मस्कतच्या एका बाजूला समुद्र आहे आणि पाठीशी झाडाचे नाव नसलेले काळपट खडकाचे डोंगर आहेत. समुद्राची दमट हवा घाम वाळू देत नाही आणि दिवसभर तापलेले खडक रात्री उष्णता सोडत राहतात. मस्कतच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कुरियात नावाचे गाव आहे. तिथे जून २०१८ मध्ये चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली एकदाही उतरले नव्हते, रात्रीसुद्धा नाही. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास सरकारची मनाई असते, ती याच कारणाने.

घरात वातानुकूलन आहे, हे खरे. पण तुम्हाला महिनाभर चार भिंतींत कोंडून ठेवायला मी बोलावत नाही. या घरातल्या पहिल्या उन्हाळ्यात मी सकाळी तोंड धुण्यासाठी नळ सोडला आणि हात चटकन मागे घेतला, कारण गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभरातही निवले नव्हते. शेजारच्या केरळी बाईंनी मग युक्ती सांगितली, की उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा आणि त्यात घराच्या आत साठून राहिलेले पाणीच गार पाणी म्हणून वापरायचे. तेव्हापासून आमचा गिझर वर्षातले पाच महिने माठाचे काम करतो.

म्हणून तुम्ही जानेवारीत यावे. त्या दिवसांत इथे दुपारी पंचवीस अंशांच्या आसपास आणि रात्री सतरा-अठरा अंश तापमान असते, आकाश स्वच्छ असते आणि बाबांना समुद्रकाठी हवे तेवढे चालता येईल. आईने पावसाचे विचारले होते. मस्कतला वर्षाकाठी साधारण शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत. इथे कोरड्या नदीपात्राला वादी म्हणतात आणि दूर डोंगरात पाऊस झाला की स्वच्छ उन्हातही वादीला लोंढा येतो. एप्रिल २०२४ मध्ये अशाच पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्यामुळे डोंगराकडे आभाळ भरलेले दिसले की आम्ही वादीच्या वाटेने गाडी नेत नाही, तेव्हा ती काळजी करू नका. ओमानमधलेच सलालाह शहर मात्र वेगळे आहे. ते इथून हजारेक किलोमीटर दक्षिणेला असून आपल्याकडे श्रावण आणणारे नैर्ऋत्येचे वारेच तिथल्या डोंगरांना धुके आणि भुरभुर देतात. तिथे रस्त्याच्या कडेला केळीचे घड टांगलेले पाहिले, तेव्हा मला एकदम रावेर-सावद्याची आठवण झाली.

बाबा, तुम्हाला मुख्यतः जे दाखवायचे आहे ते निझवा भागात आहे, इथून दीड-दोन तासांच्या वाटेवर. डोंगराच्या पोटातले पाणी उतार साधून कालव्याने गावात आणण्याची या लोकांची जुनी रीत आहे. त्या कालव्याला फलज म्हणतात. अशा पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. त्यांतल्या फलज दारिसच्या काठावर मी पाय सोडून बसले होते. पाणी घोट्यापर्यंत, नितळ, आणि त्यात बोटाएवढे मासे पायाला लुचत होते. पांझरेच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या पाटात तुम्ही आम्हाला असेच बसवत होतात. पाणी गावात शिरले की पहिला मान पिण्याचा, मग मशिदीचा आणि आंघोळीचा, त्यानंतर खजुरीच्या बागांचा, आणि उरले तर हंगामी पिकांचा. दुष्काळात शेत पडीक राहते, पण झाड जगवले जाते. प्रत्येकाचा वाटा वेळेवर मोजतात. पूर्वी दिवसा सावलीच्या खुंटीवर आणि रात्री तारे पाहून पाळी बदलत असे. बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या आपल्या फडावरचा पाणी सोडणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या यांची कामे त्यांच्याकडेही नेमून दिलेली असतात. फडात कोणते पीक घ्यायचे ते बंधाऱ्यातले पाणी पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचे, हे आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकलेले आहे. तुम्ही इथल्या म्हाताऱ्यांशी बोलावे अशी माझी फार इच्छा आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांना हिंदी कळते. रिझर्व्ह बँकेने आखातासाठी छापलेला रुपया १९७० पर्यंत इथे चालत होता, आणि आजही रियालाच्या हजाराव्या भागाला बैसा म्हणतात, म्हणजे आपला पैसाच.

आई, लेकीच्या घरी महिनाभर राहणे लोकांना कसे दिसेल, हे तू बोलली नाहीस, तरी मला कळले. यांनी स्वतः तुम्हाला दोघांना आग्रहाने बोलावले आहे. शिवाय इथे दहातली चार माणसे बाहेरची आहेत. आमचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला आहे, नोकरी संपली की घर आवरायचे. म्हणून पुढच्या वर्षी पाहू, असे मला म्हणवत नाही. आखाजीला झोका बांधून ठेव, मी माहेरी येईन.

येताना रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण दिवसांच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, त्यामुळे मुंबईहून गुरुवारचे विमान सोयीचे पडेल.

जानेवारीत गव्हाला पाणी द्यायचे असते आणि वीज रात्रीची येते, ही अडचण मला ठाऊक आहे. बाबा, काकांशी बोला. त्यांच्या कांद्याचे पाणी तुम्ही दोन वर्षे सांभाळले आहे, ते नाही म्हणणार नाहीत. त्यांनी कोणती पाळी घेतली तेवढे कळवा, त्यावरून मी तिकिटे काढते.

तुमची लेक,
माई