एव्हिएशन कोर्सची फी भरण्याआधी चौकशी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली, त्याचा आनंद मलाही आहे. पण आमच्या कोपरखैरण्यात काय, तिकडे उलवे-पनवेलला काय, बारावीच्या पोरांच्या घरी आता एकच विषय चाललाय, एव्हिएशनचा कोर्स करायचा का, आणि काही इन्स्टिट्यूटवाले त्यावर ज्या पद्धतीने फी गोळा करतायत ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मुंबई एअरपोर्टवर रॅम्पला, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवर, काम करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे कोणाला कशी नोकरी लागते ते जवळून बघत आलोय.

एव्हिएशन म्हटलं की लोक पायलट, एएमई (विमानाच्या मेंटेनन्सचा इंजिनियर) आणि ग्राउंड स्टाफ सगळं एकत्र करून टाकतात. पायलटचं लायसन्स डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं देतं, त्याला २०० तास उड्डाण लागतं, खर्च पन्नास लाखांच्या आसपास किंवा वरच जातो आणि एवढं करून एअरलाइनचं मोठं विमान चालवायला टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाचं खास प्रशिक्षण आणि परवानगी, वेगळं, त्याचे पैसे वेगळे. डिसेंबर २०२५ मध्ये पायलटांच्या ड्युटी-विश्रांतीच्या नवीन नियमांनंतर इंडिगोला पायलट कमी पडले, ढीगभर फ्लाइट रद्द झाल्या, ते दाखवून आता इन्स्टिट्यूटवाले सांगतात की बघा पायलटला किती मागणी आहे. मागणी आहेच हो, पण कॅप्टन काय कोर्स संपल्या संपल्या होत नाही, त्याला अनुभवाचे तास लागतात. आणि ज्याला ह्या वाटेला जायचंय त्याने आधी डीजीसीएचं क्लास वन मेडिकल करून घ्यावं, फी त्यानंतर.

एएमईचं काम मला मनापासून चांगलं वाटतं, मेहनती पोराला तिथे खरंच भविष्य आहे. पण बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स हवं, संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता (मेंटेनन्स शिकवणाऱ्या संस्थांना लागते ती) हवी, आणि मुख्य म्हणजे मॉड्यूलचे, म्हणजे एकेका विषयाचे, पेपर डीजीसीएचे असतात, संस्थेचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे. पेपर सुटले की पुढे प्रत्यक्ष विमानावर कामाचा अनुभव दाखवावा लागतो, मग लायसन्स, आणि विमान उडायला तयार आहे म्हणून सही करायची तर त्या विमानाचं टाइप रेटिंग पण लागतं. माझ्या ओळखीत अशी पोरं आहेत की कोर्स संपला, दोन-तीन मॉड्यूल अडकलेत आणि अनुभवासाठी कुठे शिरकाव होत नाही, घरी हप्ते चालू. अ‍ॅडमिशनच्या वेळी हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त फसवाफसवी ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रूच्या डिप्लोमात चाललीय. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीने तिची फाइल मला आणून दाखवली. सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट, ब्लेझर घातलेले फोटो, ग्रूमिंगचे मार्क, आणि सगळ्यात मागे ऑफर लेटर, ते एका मॉलमधल्या दुकानाच्या काउंटरचं. इन्स्टिट्यूटच्या हिशोबात ही प्लेसमेंट झाली! तिच्या आईने गळ्यातलं गहाण ठेवून फी भरलीय. चेक-इन काउंटरला किंवा रॅम्पला लागायला असा डिप्लोमा सक्तीचा नाही, आमच्याकडे बारावी पास पोरं थेट इंटरव्ह्यूला येतात, लागल्यावर ट्रेनिंग कंपनीच देते, पोलिस व्हेरिफिकेशन होऊन एंट्री पास मिळतो मग काम सुरू. केबिन क्रूचं पण तसंच, निवड झाल्यावर एअरलाइन स्वतः शिकवते आणि इंटरव्ह्यूसाठी कोणी पैसे मागत असेल तर तो एअरलाइनचा माणूस नाही हे समजून जा. इंग्लिश-हिंदी नीट बोलता येणं, शिफ्टला वेळेवर पोचणं, उन्हापावसात उभं राहायची तयारी, इंटरव्ह्यूत हेच बघतात.

नोकरी लागली म्हणजे कायमची असंही कोणी धरून चालू नये. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट एअरलाइन, दोन्ही वेळेला चांगली अनुभवी माणसं घरी बसली आणि नवीन पोरांच्या आधी तीच रांगेत आली. म्हणून बारावीनंतर ग्रॅज्युएशन सोडू नका, निदान बाहेरून तरी करा.

माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमच्या पेपरात ह्या कोर्सच्या जाहिराती येतात. पायलट किंवा एएमईची जाहिरात असेल तर डीजीसीएच्या मान्यतेचा नंबर छापल्याशिवाय घेऊ नका, मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर असते, ताडून बघता येतं. आणि "१०० टक्के प्लेसमेंट" लिहिणाऱ्याला विचारा की मागच्या बॅचची किती मुलं एअरपोर्टच्या आत कामाला आहेत आणि किती बाहेर.

विमानतळासाठी ज्या दहा गावांनी घरं-जमिनी दिल्या तिथल्या पोरांसाठी सिडकोने उलव्यात एखाद्या रविवारी माहितीचा कार्यक्रम ठेवावा, फुकट, आणि बोलायला हँगरमधले, काउंटरवरचे, रॅम्पवरचे लोक बोलवावेत. माझी ड्युटी नसेल तर मी येईन, अजून दोघातिघांना घेऊन येईन.

आपला वाचक,
कोपरखैरणे, नवी मुंबई