माझं कासव लोकांना सापडेल असं करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. चॅटसाठी स्टिकर काढणाऱ्या कितीतरी जणांना तुम्ही सांगितलेल्या गोष्टी हव्या असतात आणि त्या सांगणारं कुणी भेटत नाही. चित्र कसं काढावं हे शिकवणारे पुष्कळ आहेत. काढलेलं चित्र घेणाऱ्याच्या नजरेस कसं पडावं, यासाठी अनोळखी मुलीजवळ बसून वेळ घालवणाऱ्या तुम्ही मला एकट्याच भेटलात.

तेव्हाची अवस्था तुम्हाला आठवत असेल. लाइन या चॅटच्या अ‍ॅपवर २०१४ पासून कुणालाही स्वतःचे स्टिकर विकता येतात. त्यासाठी सेट ८, १६, २४, ३२ किंवा ४० चित्रांचा हवा, एकेक चित्र जास्तीत जास्त ३७० बाय ३२० पिक्सेलचं आणि मागची बाजू पारदर्शक. माझा ४० चित्रांचा कासवाचा सेट या सगळ्यात चोख बसला, तपासणीतून पार पडला आणि दुकानात लागला. पण ओळखीच्या लोकांपलीकडे तो कुणाला दिसेना. तिथे सेटची रांग एवढी मोठी की नवं काही आलंय हे कळायच्या आत ते खाली सरकतं.

तुम्ही फोनवर माझी चाळीसच्या चाळीस चित्रं उघडलीत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारलात, "हे कोण, कुणाला, कधी पाठवेल?" कवचात तोंड लपवलेल्या कासवापाशी तुम्ही थांबलात. "ही लाज आहे, नकार आहे की झोप?" मला तिन्ही वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "बोलता बोलता स्टिकर शोधणाऱ्याकडे क्षणभराचीच फुरसत असते. त्याला यातलं एकच हवं असतं." मग मी डोळे थोडे बाहेर काढले, गाल लाल केले, आणि चित्र सरळ सरळ लाजेचं झालं. झोपेसाठी वेगळं काढलं, कवचावर पांघरूण घातलेलं. टॅग, म्हणजे कोणता शब्द टाइप केला की कोणता स्टिकर पुढे यावा ती खूण, निवडायला बसलो होतो आणि चित्रंच सुधारत गेली. ज्या चित्राला टॅग सुचत नाही, ते चित्र अजून पुरतं झालेलं नाही, ही तुमची कसोटी मी तेव्हापासून सोडलेली नाही.

टॅगचं खरं काम काय, हेही तुमच्यामुळेच उमगलं. सेट विकत घेतलेला माणूस 'सॉरी' टाइप करतो आणि त्या टॅगचा स्टिकर त्याच्या बोटाशी येऊन उभा राहतो. म्हणजे टॅग बरोबर असला की घेतलेला सेट वापरात राहतो. वापरला की तो दुसऱ्याच्या चॅटमध्ये जातो. आणि आलेल्या स्टिकरवर बोट ठेवलं की थेट त्या सेटचं पान उघडतं. तुमच्या मते खरं दुकान हेच, लोकांच्या आपापसातल्या गप्पा. म्हणूनच तुम्ही हट्ट धरलात की आभार, ठीक आहे, निघाले, पोचले, शुभ रात्री, उशीर होतोय ही रोजची बोलणी सेटमध्ये असायलाच हवीत. मला कासवाने पतंग उडवलेला फार आवडत होता. तो ठेवूया म्हणालात, पण तसे चार नकोत. मला हे अगदी पटलं. गमतीची चित्रं सेटला जीव देतात, पण त्याला हिंडवतात ती साधी चित्रं.

मग आलं ते इवलंसं चित्र. स्टिकरच्या पट्टीत सेटची खूण म्हणून दिसणारं, ९६ बाय ७४ पिक्सेलचं. तिथे अख्खं कासव म्हणजे हिरवा ठिपका. तुम्ही फोन हातभर लांब धरलात आणि विचारलंत, "काय दिसतंय?" मी फक्त डोकं आणि डोळे ठेवले, कवचाची एक कड मागे सोडली. तीच गोष्ट गडद पार्श्वभूमीची. पारदर्शक चित्राची काळी रेघ काळ्या पडद्यावर विरून जाते. प्रत्येक आकृतीभोवती पांढरी कड द्यायला मला बरेच दिवस लागले आणि तुम्ही रोज नव्या चित्रांची वाट पाहत असायचात. त्या दिवसांबद्दल तर किती आभार मानू!

नावाला जागा जेमतेम ४० अक्षरांची. कासवाचं लाडकं नाव पुढे ठेवायचं माझ्या मनात होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ज्याला ते माहीतच नाही, तो ते शोधेल कसं?" म्हणून आधी उपयोग आला, मग प्राणी, आणि लाडकं नाव शेवटी, ज्यांना कुणीतरी स्टिकर पाठवलाय आणि आता ते नावाने शोधतायत त्यांच्यासाठी. वर्णनाच्या १६० अक्षरांतही कौतुकाची विशेषणं काढून कोणत्या प्रसंगी कोणता स्टिकर चालेल एवढंच लिहिलं. इंग्रजी नाव द्यावंच लागतं, पण जिथे जिथे सेट विकला जातो तिथल्या भाषाही भरायला लावल्यात आणि त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्यायला लावल्यात.

एक प्रसंग मुद्दाम लिहिते. प्रसिद्ध कार्टूनची नावं वर्णनात घातली तर शोधात पटकन वर येता येईल, असं मला कुणीतरी सुचवलं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. दुसऱ्याच्या हक्काचं नाव वापरलं तर सेट तपासणीत अडकतो, हे एक कारण. पण तुम्हाला जास्त लागलं ते दुसरं. त्या नावाने आलेला माणूस कासव पाहून हिरमुसून परत जाणार, त्याची फसवणूक आपण का करायची? तुमचं हे बोलणं मला सगळ्या युक्त्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

बाकीच्या ठिकाणांचं तुम्ही थोडक्यात सांगितलंत आणि तेवढं पुरलं. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये शोधशब्दांना १०० अक्षरं मिळतात, तेव्हा स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडून ती वाया घालवायची नाहीत आणि नावात आलेला शब्द तिथे पुन्हा लिहायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्टिकर विकता येत नाहीत, पण पॅकसोबत बनवणाऱ्याचं नाव जातं. म्हणून थोड्या चित्रांचा एक फुकट पॅक तिथे, ५१२ बाय ५१२ पिक्सेलमध्ये, आणि नाव सगळीकडे तेच, अक्षरही न बदलता.

आता माझ्या सेटला अनोळखी माणसं घेतात. खूप नाही, पण नेमाने. ज्यांची भाषा मला येत नाही असे लोक उशीर झाला की माझं धापा टाकणारं कासव एकमेकांना पाठवतात, याचा आनंद मला रोज होतो, आणि तो तुम्ही दिलेला आहे.

पुढचा सेट हलत्या चित्रांचा करते आहे. एकेक चित्र फार तर चार सेकंदांचं, त्यामुळे नेमकेपणा आणखीच हवा. या वेळी टॅगची यादी आधी केली आहे, चित्रांना हात नंतर लावणार. यादी तुम्हाला पाठवली आहे. 'वाट पाहतेय' आणि 'कंटाळा आला' यांतला फरक कासवाच्या नुसत्या मानेने दाखवता येईल का, एवढं सवडीने बघून सांगा.

तुमची,
कासववाली