डॉ. कमल रणदिवे यांच्या नावाने पुण्यात पुरस्कार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1977 साली माझ्या मावशीच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रियेत पूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकल्या. पुढची चौदा वर्षे तिचा उजवा हात सुजलेलाच होता. पोळ्या लाटताना मध्येच थांबून ती तो उशीवर टेकवून ठेवायची. घरात 'मावशीचे ऑपरेशन' एवढेच म्हणत. काय काढले, ते कोणी उच्चारत नसे. 2017 मध्ये मलाही तोच आजार, म्हणजे स्तनाचा कर्करोग, झाला. माझी फक्त गाठ काढली, रेडिएशन दिले आणि चार महिन्यांनी मी पर्वती चढून आले.

या चाळीस वर्षांत काय बदलले, ते मी नंतर वाचून काढले. अमेरिकेतल्या डॉ. बर्नार्ड फिशर यांनी 1976 मध्ये अठराशेहून अधिक स्त्रियांची एक चाचणी सुरू केली. कोणाचा पूर्ण स्तन काढायचा आणि कोणाची केवळ गाठ, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरत होते. गाठ काढलेल्या स्त्रियाही तितक्याच जगल्या. मावशी टेबलावर होती तेव्हा तिकडे हे उत्तर शोधणे चालू होते, हा विचार मला अजून सोडत नाही. फिशर यांना 1985 मध्ये लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा अमेरिकी पुरस्कार मिळाला. 2019 मध्ये तोच पुरस्कार हरसेप्टिन या औषधासाठी मायकेल शेपर्ड, डेनिस स्लेमन आणि ॲक्सेल उलरिच यांना मिळाला. रेडिएशनच्या रांगेत भेटलेल्या एका बाईंना तेच औषध चालू होते.

ही नावे मला कळली ती पुरस्कारांमुळेच. शोधनिबंध माझ्यासारखीच्या हाती येत नाही, पुरस्काराची बातमी येते. म्हणून स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी असा एक पुरस्कार पुण्यातून दिला जावा आणि त्याला कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिवे यांचे नाव असावे, असे मला मनापासून वाटते.

कमलताई पुण्याच्याच. 8 नोव्हेंबर 1917 चा जन्म, माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागा, मग फर्ग्युसन, मग कृषी महाविद्यालय असे त्यांचे शिक्षण झाले. मुलीने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा होती. त्या मात्र सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी अभ्यासत बसल्या. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्याकडे 1949 मध्ये पीएच.डी. केली. उंदरांवर वर्षानुवर्षे काम करून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा संबंध तपासला. ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवून अभ्यासण्याची, देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनीच उभी केली. 1982 मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला गेल्या. मी त्यांचे नाव प्रथम ऐकले ते साठी उलटल्यावर! हुजूरपागेवरून रोज भाजी आणायला जाणाऱ्या बाईला इतका उशीर व्हावा, याचे वाईट वाटते.

पुरस्कार कशासाठी द्यावा, याबद्दलही माझे ठाम मत आहे. ज्या शोधाचा फायदा जिल्हा रुग्णालयातल्या बाईला मिळू शकतो, त्याला पहिला मान मिळावा. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भूल देण्याचे साधे औषध टोचून पाहिले. देशातल्या 11 केंद्रांतल्या 1600 स्त्रिया यात होत्या. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी 86.4 टक्के. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झाले. शंभर रुपयांच्या आतले औषध आहे हे, कोणत्याही ऑपरेशन थिएटरच्या कपाटात सापडणारे.

दुसरे काम मला त्याहून जवळचे वाटते. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली गेली. ना मॅमोग्राफी, ना यंत्र. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांनंतरच्या हिशेबात, पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमधले या आजाराचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटलेले दिसले. पन्नाशीच्या आतल्यांना तसा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी सांगितले. मला त्याचाही आदर वाटतो. अशा संशोधनाचा गौरव होईल तेव्हा मानपत्रात त्या सेविकांचा उल्लेख हवा, आणि चाचणीच्या कागदावर सही किंवा अंगठा करणाऱ्या स्त्रियांचाही. चिठ्ठीत आपल्या वाट्याला काय येईल हे ठाऊक नसताना त्या तयार झाल्या. माझा स्तन वाचला तो अशाच अठराशे अनोळखी बायकांमुळे.

विद्यापीठ, त्याच्या आवारातले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि पाषाणची आयसर संस्था यांनी एकत्र बसून हे ठरवावे. 7 नोव्हेंबर हा राष्ट्रीय कर्करोग जागृती दिन असतो, दुसऱ्या दिवशी कमलताईंचा जन्मदिवस. त्या दिवशी फर्ग्युसनच्या ॲम्फी थिएटरमध्ये कार्यक्रम व्हावा, व्याख्यान मराठीत व्हावे आणि पुढच्या दोन रांगा 'आशा' आरोग्यसेविकांसाठी राखून ठेवाव्यात. निधीसाठी माझे एक महिन्याचे निवृत्तिवेतन मी बाजूला काढले आहे. पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायलाही कोणी हवे असेल, तर बँकेत पस्तीस वर्षे मी तेच केले आहे. आपल्या कार्यालयामार्फत निरोप मिळाल्यास मी येईन.

आपली नम्र,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे