बाबांचा फोन बाबांच्या खिशात राहू दे

पुणे

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा मी घरासाठी सिम घालून चालणारं छोटं वायफाय यंत्र घेऊ म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, "फोनमध्ये नेट आहे, हॉटस्पॉट लावलं की टीव्हीवर दिसतं. मग वेगळं यंत्र कशाला आणि त्याला वेगळं रिचार्ज कशाला?" प्रश्न रास्त आहे. फोनवर निम्मं बोलणं तुटतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. सवडीने वाचा.

आधी बाबांचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते. हॉटस्पॉटला नवा खर्च नाही आणि आणखी एक वस्तू सांभाळायची नाही. बाबांचा फोन फाइव्ह-जीचा आहे. खिशात मावणारी स्वस्त वायफाय यंत्रं बहुतेक फोर-जीचीच असतात, त्यामुळे फाइव्ह-जी चांगलं मिळतं तिथे फोनच जास्त वेगाने चालतो. मी प्रवासात लॅपटॉपला फोनच जोडते, तोही केबलने, म्हणजे काम चालू असताना फोन चार्ज होत राहतो. तासाभराच्या कामासाठी वेगळं यंत्र घ्या असं मी कुणालाच सांगणार नाही.

पण आपल्या घरात ते तासाभराचं राहिलेलं नाही. सकाळी आईचं कीर्तन, दुपारी मालिका, रात्री नातीशी व्हिडिओ कॉल. एवढा वेळ फोन दोन कामं एकदम करतो, टॉवरकडून नेट घ्यायचं आणि वायफायने घरात वाटायचं. त्यात रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला त्याला आणखी जोर लावावा लागतो. म्हणून तो तापतो. बाबा, तुम्ही तेव्हाच तो चार्जिंगलाही लावता, ती आणखी उष्णता. बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त उष्णतेनेच कमी होतं. फोन बनवणाऱ्या कंपन्याच साधारण ३५ अंशांच्या वर फोन वापरू नका म्हणून सांगतात, आणि मे महिन्यात आपल्या कौलांखाली दुपारी तेवढं असतंच.

दिवेलागणीला तुमच्या फोनची बॅटरी लाल झालेली असते, हे मला व्हिडिओ कॉलवर दिसतं. मला खरी काळजी त्याची आहे. रात्री आईला दम लागला आणि १०८ ला फोन करायचा झाला, तर घरात एक तरी फोन पूर्ण चार्ज असलेला हवा. टीव्हीचं नेट बंद पडलं तर काही बिघडत नाही, फोन बंद पडता कामा नये.

आई, तुझी तक्रार वेगळी आहे, तीही खरी आहे. बाबा दापोलीला बाजारात गेले की घरातलं नेट त्यांच्याबरोबर जातं. आणि ते घरी असतानाही मधेच चित्र थांबतं, त्याचं कारण सांगते. बाबांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत, नेट एकावर आणि माणसांचे फोन दुसऱ्यावर. अशा बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर बोलणं चालू झालं की पहिल्या सिमचं नेट तेवढा वेळ थांबतं. काका फोनवर अर्धा तास बोलले की तुझं कीर्तन अर्धा तास अडकतं, ते यामुळे. तू टीव्ही बंद करून चहा ठेवायला जातेस आणि परत येतेस तो नेट नसतं, ते मात्र सेटिंगमुळे. काही वेळ कुणी जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट आपोआप बंद होतं. ते सेटिंग बदलता येतं, पण मग बॅटरी आणखी जाते.

वेगळ्या यंत्राचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो जागेचा. आपल्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या जाड. माजघरात रेंजची एखादीच काडी असते आणि माडीच्या खिडकीत तीन-चार. फोन खिडकीत ठेवून बाबांनी खाली बसायचं हे जमणार नाही, पण यंत्र दिवसभर तिथे राहू शकतं. टॉवरची रेंज त्याने खिडकीत घ्यायची आणि वायफाय खाली पाठवायचं. माडीची जमीन लाकडी आहे, त्यातून वायफाय बऱ्यापैकी उतरतं. यंत्रात वायफायसाठी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींचा पर्याय असला (हे ५ म्हणजे फाइव्ह-जी नव्हे) तर २.४ ठेवायचं. वेग थोडा कमी मिळतो, पण भिंतीपलीकडे तेच जास्त पोचतं, आणि आपल्या जुन्या टीव्हीला बहुधा तेच दिसतं.

त्यातलं सिम बाबांच्या नेटच्या सिमच्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं घेऊ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस वीज नव्हती आणि टॉवरही बंद पडले होते. ते सगळेच बंद असले तर कुठलंच यंत्र कामाचं नाही. पण एका कंपनीचा टॉवर आधी चालू झाला तर निदान ती वाट आपल्याला मोकळी असेल. ही यंत्रं पॉवर बँकेवरही चालतात.

यंत्र आलं म्हणून नेट अमर्याद होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. रोज २ जीबीचा प्लॅन असला आणि टीव्हीने आपणहून सगळ्यात स्वच्छ चित्र निवडलं, तर एका कीर्तनात दिवसाचा कोटा संपतो आणि पुढे नेट नुसतं रांगतं. यूट्यूबवर चित्राचा दर्जा ४८० वर ठेवला तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. आई, तुला ऐकायचं जास्त असतं, तेव्हा तेवढं पुरेल. टीव्हीवर ते कसं करायचं ते मी गणपतीत आले की तुझ्याच हातून करून घेईन.

बाबा, यंत्र चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नका. आतली बॅटरी फुगून त्याची पाठ वर आलेली दिसली तर लगेच बंद करा आणि मला कळवा. पासवर्ड शेजारच्या मुलांना देऊ नका. मुलं चांगली आहेत, पण त्यांनी जे काही केलं त्याची चौकशी सिम ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते.

रिचार्ज मी इथून करीन, त्यावर वाद नको. तुम्ही एवढंच करा. बाबांचा फोन आणि ज्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आहे अशा कुणाचा तरी फोन, दोन्ही एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास माडीच्या खिडकीत धरून बघा. नुसत्या काड्या मोजू नका, एखादा व्हिडिओ लावून अडकतो का ते पाहा. रात्री सगळं गाव नेटवर असतं, तेव्हा कोणतं सिम चालतं ते मला कळवा. त्यावरून सिम ठरवू, आणि यंत्र मी कुठल्याही कंपनीचं सिम चालेल असंच घेईन.

तुमची,
ताई