नंदाखालच्या फिलूला

फिलू,

मार्चपासून तुला लिहायचं म्हणतेय. मावशी, तुझी आई, गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते आणि हात जोडलेली दोन चित्रं पाठवून मीटिंगला गेले. त्यानंतर दर रविवारी वाटायचं आज फोन करू, आणि जितके रविवार गेले तितका फोन अवघड होत गेला. तू काही बोलली नाहीस, जूनमध्ये सुकेळ्यांचं पार्सलसुद्धा पाठवलंस, त्यावर पत्ता तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात, पोस्टमनला वाचता आला हाच चमत्कार. ती सुकेळी खाताना रडले मी. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

तब्येती ठीक. थायरॉइडची गोळी चालू आहे, विकासची शुगर काठावर आहे. आई आलीये सहा महिन्यांसाठी, ऑगस्टमध्ये आली, गुडघे सोडले तर ठणठणीत.

आता ज्यासाठी लिहितेय ते. विकासला सांगून उपयोग नाही, तो म्हणतो एवढं काय त्यात. ताईला सांगितलं तर आख्ख्या कराडात होईल. राहिलीस तूच.

निहार शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो हे तुला माहितीये. इथे टेक्सासात शुक्रवारी रात्री फुटबॉल म्हणजे गावची जत्राच, आणि मॅचच्या आधी बँडच्या पोरांना आईबाप पाळीपाळीने खायला घालतात. आमची पाळी आली. दोन वर्षं मी पनीरचे रोल नेतेय, पोरं गोड आहेत, खातात, पण या वेळी निहार म्हणाला, आई, एकदा सगळे करतात ते कर ना, बीफ आणि चीजचे बेक केलेले रॅप. तो बाहेर खातो हे मला माहीत होतं, विकासही खातो, मीही खाल्लंय हे तर तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण घरात, माझ्या भांड्यात, कधी शिजवलं नव्हतं. का नव्हतं ते मला नीट सांगता येणार नाही, ठरवलं असं कधीच नव्हतं. मी हो म्हटलं. आई घरात आहे हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही असं नाही, आलं, आणि मी ते बाजूला सारलं.

शेजारच्या बाईंनी शिकवलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सॅन अँटोनिओचं. त्या म्हणतात उत्तर मेक्सिकोत गहू पिकतो म्हणून तिकडे आणि आमच्या टेक्सासात मैद्याची तोर्तिया, खाली दक्षिणेला मक्याची. म्हणजे आपली चपाती-भाकरी बघ. बारा पोरं, प्रत्येकी दोन, चोवीस रॅप, त्याला तीन पौंड खिमा. पाकिटावर ८५-१५ लिहिलेलं असतं, म्हणजे पंधरा टक्के चरबी. याहून जास्त घेतली तर तेल सुटून खालची तोर्तिया भिजते, अगदी ९३-७ घेतलं तर चघळत बसावं लागतं. आधी खिमा मोठ्या कढईत कोरडाच परतायचा, डावाने फोडत फोडत, पार तपकिरी होईपर्यंत, मग सुटलेली चरबी रिकाम्या डब्यात ओतायची (सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो), मग कांदा, लसूण, मिरची पूड, ओरेगॅनो, आणि जिरं. भरपूर जिरं. इथल्या मिरची पूडमध्ये मुळातच जिरं असतं. आमच्या जवळच न्यू ब्राउनफेल्स म्हणून गाव आहे, तिथे गेभार्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९० च्या दशकात ही चिली पावडर बनवून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून इथल्या स्वयंपाकघरांना हा वास. आणि फिलू, त्या जिऱ्यानेच घात केला.

म्हणजे असं, की आई वर तिच्या खोलीत टीव्हीवर कीर्तन ऐकत होती, ती वासाने खाली आली. इथे आल्यापासून तिची तक्रार की तुमच्या या गावाला वासच नाही, सगळं प्लास्टिकच्या डब्यात. आणि त्या दिवशी आख्खं घर जिरं-लसणाने भरलेलं. जिन्यावरूनच म्हणाली, आज कसला गं खिमा? इतकी खूश होती.

मी म्हटलं, टर्कीचा.

एका शब्दाचं काम होतं. बीफ म्हणाले असते तर ती बस्स असं म्हणून वर गेली असती, फार तर दोन दिवस अबोला. पण तोंडातून टर्कीच आलं. टर्की म्हणजे काय गं? मी म्हटलं मोठी कोंबडी समज. मग ती खुर्ची ओढून बसली आणि मला मदत करायला लागली. कॅनमधल्या मिरची-टोमॅटोचं पाणी निथळून दिलं, चीज किसून दिलं. (चीज ठोकळ्याचंच घ्यायचं आणि घरी किसायचं, पाकिटातल्या किसाला गोळा होऊ नये म्हणून बटाट्याचा स्टार्च लावलेला असतो, तो नीट वितळत नाही.) चीज किसताना तुझी आठवण काढली तिने, म्हणाली ती तुझी वसईची मैत्रीण होस्टेलात इस्त्री उलटी ठेवून चीज टोस्ट करायची ना? म्हणजे माझ्या पिवळ्या ड्रेसवरच्या डागाची गोष्ट तिलापण माहितीये, तू सत्तावीस वर्षं नाकारतेस ती.

खिमा गार होऊ दिला. गरम भरला तर वाफेने तोर्तिया फाटते. तोर्तिया ओल्या कागदात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट, म्हणजे लवचीक होतात, मग मध्ये चीज, त्यावर खिमा, वर परत चीज, दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट गुंडाळायचं आणि मिटलेली बाजू खाली ठेवायची. आईचे हात बघायला हवे होतेस. पहिले दोन मी केले, पुढचे बावीस तिने, अळूवडीच्या उंड्यासारखे, एकसारखे, एकाचंही पोट फुटलं नाही. माझ्या आईने, बैलाच्या मांसाचे बावीस रॅप, स्वतःच्या हाताने. आणि मी शेजारी उभी राहून सॉस ढवळतेय. सावर क्रीम (आंबट साय), अडोबो नावाच्या तिखट-आंबट सॉसमधल्या दोन चिपोटले, म्हणजे धुरावर वाळवलेल्या मिरच्या, लिंबू, लसूण, मीठ, मिक्सरमधून एकदा फिरवलं की झालं. तिने बोटावर घेऊन चाटलं, म्हणाली ही भाकरीबरोबर फक्कड लागेल, शिकव मला.

वरून तेलाचा हात लावून ट्रे ओव्हनमध्ये, ४२५ डिग्री फॅरनहाइट, सतरा मिनिटं. खिमा कढईतच पूर्ण शिजवून घ्यावा लागतो, आतपर्यंत १६०, कारण दळताना वरचे जंतू सगळीकडे मिसळतात, तुकड्याच्या मांसासारखं आत लालसर चालत नाही. या सगळ्याची किती काळजी घेतली मी! थर्मामीटर लावला चक्क. बारा परक्या पोरांच्या पोटाची काळजी, आणि समोर आई बसलीये तिची नाही.

ट्रे बाहेर काढला, सोनेरी झालेले, कडेने चीज उतू जाऊन कुरकुरीत. आई म्हणाली दे बघू एक, चव तरी कळू दे, मीठ बरोबर आहे का. स्वतःच उचलून ताटलीत घेतला. आणि मी पाठ फिरवली, फिलू. दुसरा ट्रे आत टाकायचा होता हे खरं, पण ते दहा सेकंद थांबलं असतं. मी ओव्हनच्या दारापाशी वाकून मनात नुसतं सांग, सांग, सांग करतेय आणि तोंड उघडत नाही. तेवढ्यात निहार गॅरेजमधून आत आला ट्रे न्यायला, त्याने बघितलं आणि त्याच्या त्या मराठीत म्हणाला, "आजी थांब, ते बीफ आहे, तू खात नाही ना?"

मी वळले तेव्हा आईच्या हातात रॅप होता आणि त्याचा एक कोपरा नव्हता. ताटलीत सॉसचा डाग होता. आता तो कोपरा तिने खाल्ला, की गरम म्हणून तोडून बाजूला ठेवला, की ट्रेमधून उचलतानाच तिथे चिकटून राहिला, मला माहीत नाही. तिने रॅप शांतपणे खाली ठेवला, बेसिनपाशी गेली, चूळ भरली. पण ती चहा प्यायल्यावरसुद्धा चूळ भरते. मग हात पुसून निहारला म्हणाली, जा बाळा, उशीर होईल तुला. आणि वर गेली.

मी ट्रे खरवडून बघितला गं. तो पोरगा गाडीत हॉर्न वाजवतोय आणि मी चिमट्याने ट्रेवरचे जळके तुकडे उलटेपालटे करतेय, कोपरा सापडतो का ते बघत. तुकडे खूप होते, कुठला कशाचा कळेना. (पोरांनी पाच मिनिटांत फडशा पाडला. मी खाल्लं का? हो, एक, परत येताना गाडीत. चांगले झाले होते.)

याला आता अकरा दिवस झाले. आई बोलते. सगळं बोलते, भाजी काय, ऊन किती, ताईचा फोन आला. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पोळपाट-लाटणं, तिचा तवा आणि एक पातेलं तिने धुऊन वेगळ्या कपाटात ठेवलं, मला न विचारता, न सुनावता. आणि ते कपाट बघितलं की मला तुमचं नंदाखालचं स्वयंपाकघर दिसतं.

१९९७ चा नाताळ. मावशीने माझ्यासाठी नवं कोरं ॲल्युमिनियमचं पातेलं आणलं होतं, त्यावर दोऱ्याने लाल चिंधी बांधून, त्यात कोंबडी. आणि जेवायला बसताना मला बोटाने दाखवून सांगितलं, बाय, हे बैलाचं, हे कोंबडीचं, हे तुझं. आणि मी वीस वर्षांची शहाणी, मला अपमान वाटला, मी म्हटलं मला वेगळं नको, आणि मुद्दाम मोठ्या पातेल्यातलं वाढून घेतलं, सगळ्यांसमोर. मावशी हसली. तू नाही हसलीस. परतताना लोकलमध्ये नायगाव गेलं तेव्हा म्हणालीस, "माझ्या आईच्या पातेल्यावर तुला मोठं व्हायचं होतं." मी महिनाभर बोलले नाही तुझ्याशी. मला खरंच वाटायचं की मी मैत्रीसाठी खाल्लं आणि तू त्यावर पाणी ओतलंस.

तेव्हा तू बरोबर होतीस. त्या बाईने बाजारात जाऊन पैसे मोजून पातेलं आणलं आणि पहिल्या घासाआधी खरं सांगितलं, निवड माझ्या हातात दिली. आणि मी माझ्या आईच्या हातात काय दिलं?

आणि आणखी एक, ते २०१५ चं. गायीबरोबर बैल आणि वळूपण हत्याबंदीच्या कायद्यात आले तेव्हा तू मला एवढा मोठा मेल लिहिला होतास, तुमच्या गल्लीतला तो दुकानदार, मावशीचा ईस्टरचा बेत, सगळं. मी इथून एका ओळीचं उत्तर दिलं, "म्हशीचं मिळतंच ना." तुला मटणाच्या भावाबद्दल बोलायचंच नव्हतं हे मला आत्ता, माझ्या कपाटापुढे उभं राहून कळलं. त्या ओळीसाठी माफ कर.

परवा रविवारी मी जिन्यात कपडे घेऊन उभी होते आणि खाली आई निहारला सर्जाची गोष्ट सांगत होती. आबांचा खिलारी. बेंदराला शिंगं रंगवायची, पुरणपोळी खाऊ घालायची, आई लहानपणी त्याच्या पाठीवर झोपायची वगैरे. मग म्हणाली, पाय गेला त्याचा, आबांनी बाजार दाखवला. निहारला कळलं नाही, म्हणाला बाजार दाखवला म्हणजे? आई म्हणाली, विकला. घेणारा शेतकरी नव्हता. आबा दावं तेवढं परत घेऊन आले, आणि घरात कुणी कुणाला काही विचारलं नाही. निहारने विचारलं, तुला राग आला का आजोबांचा? तर म्हणाली, त्यांनी आईला सांगितलं होतं की सांगलीच्या बागायतदाराला दिलाय. आणि पुढे काही बोलली नाही, भेंडी चिरत राहिली.

मी तिथेच, हातात टॉवेलांचा ढीग. हे माझ्यासाठी होतं का गं? ती मला ऐकवत होती, की नातवाला फक्त बैलाची गोष्ट सांगत होती? तू माझ्या आईला ओळखतेस, होस्टेलवर डबा घेऊन यायची तेव्हा माझ्यापेक्षा तुझ्याशीच जास्त बोलायची. तिला जाऊन सरळ विचारू का, कोपरा खाल्लास का? की ते विचारणं म्हणजे तिला परत तिथे नेऊन बसवणं? खाल्ला असेल तर तिने ते गिळलंय, दोन्ही अर्थांनी, आणि मी विचारलं तर तिला एकतर कबूल करावं लागेल नाहीतर माझ्यासारखं खोटं बोलावं लागेल. पण मी खोटं बोलले हे तरी तिला तोंडाने सांगायला हवं ना? रोज सकाळी चहा देताना वाक्य तयार असतं. उरलेला सॉस अजून फ्रीजमध्ये आहे, खराब झाला असणार, टाकवत नाही.

तुझं विचारायचं राहिलंच. रियाला बारावीनंतर कुठे मिळालं? बँकेतली बदली रद्द झाली का? केळीच्या वाडीशेजारी ती बिल्डिंग उठणार होती त्याचं काय झालं? सगळं लिही, मी या वेळी उत्तर देईन. रविवारी तुझ्याकडे संध्याकाळी साडेसात म्हणजे इथे सकाळी नऊ, मी फोन करतेय. आई पण असेल, तिच्याशी बोल, पण यातलं काही काढू नकोस, आधी मला बोलू दे तिच्याशी.

आणि फिलू, ते लाल चिंधीचं पातेलं मावशीने ठेवलं होतं का गं? असेल तर फोटो पाठव.

तुझी,
मंजू